हुमायूनचा आकाशपट

दिल्लीतला पुराना किल्ला पाहावयास जाणारे बहुतेक लोक तेथल्या मशिदीपाशी रेंगाळतात आणि तिच्या दक्षिणेला असलेल्या लहानशा अष्टकोनी इमारतीकडे ओझरती नजर टाकून पुढे जातात. इमारत दुमजली, तांबड्या दगडाची. नाव शेर मंडल. हुमायूनने आपली पुस्तके येथे ठेवली होती, आणि 1556 च्या जानेवारीत एका संध्याकाळी याच इमारतीच्या जिन्यावरून तो कोसळला. अजानचा आवाज कानी आला म्हणून तो पायरीवर टेकू लागला, पाय अंगरख्याच्या घोळात अडकला, आणि दोन-तीन दिवसांत बादशाही संपली. तो त्या संध्याकाळी तेथे होता, यामागचे एक कारण अबुल फजलने नोंदवून ठेवले आहे. त्या रात्री शुक्राचा उदय व्हावयाचा होता. बादशहाने गणितज्ञांना बोलावून घेतले होते आणि उदय पाहून दरबार भरवण्याचा त्याचा बेत होता.

आकाश पाहता पाहता पायरी चुकली, असा चुटका येथे कोणालाही सुचेल. पण हुमायूनचे आकाशवेड इतक्या स्वस्तात निकालात काढण्यासारखे नाही. या माणसाने आपला दरबार एकदा चक्क आकाशात नेऊन बसवला होता, आणि तेथे बसून त्याची माणसे फासे टाकून खेळली होती. आज सांगावयाची आहे ती त्या खेळाची हकीकत.

हा विषय डोक्यात येण्याचे कारण अगदी घरगुती आहे. माझा एक भाचा नोएडात राहतो. तो आणि त्याचे पाच मित्र दर शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतात आणि मेजाभोवती बसून रात्री उशिरापर्यंत खेळतात. खेळ पत्त्यांचा नाही, बुद्धिबळाचाही नाही. प्रत्येकाने एकेक काल्पनिक माणूस व्हावयाचे. एकाने पंच होऊन त्या माणसांभोवतीचे जग शब्दांनी उभे करावयाचे. मग 'तू काय करतोस?' असे विचारावयाचे, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकावयाचे. पट नसला तरी चालतो. कागद, पेन्सिल आणि तोंड एवढे भांडवल पुरते. इतके दिवस ही मंडळी राक्षस आणि जादूगार यांच्या राज्यात रमली होती. आता त्यांना तारामंडळातला, विज्ञानकथेच्या जातीचा खेळ हवा होता. निरनिराळ्या खेळांची नियमपुस्तके गोळा झाली होती आणि सहाजणांची सहा मते पडली होती. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही इतिहासवाले. यातला कोणता घ्यावा ते तुम्हीच सांगा. नाहीतरी या खेळांचा इतिहास पन्नासच वर्षांचा आहे, तुम्हांला एका रात्रीत वाचून होईल."

छापील नियमांपुरते पाहिले तर भाच्याचे म्हणणे खरे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला आणि भूमिका घेऊन खेळण्याच्या या प्रकाराला बाजार मिळाला. दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, जेम्स वॉर्ड यांचा 'मेटामॉर्फसिस अल्फा' आला. त्यातली कल्पना मला फार आवडली. एक प्रचंड अंतराळयान पिढ्यानपिढ्या प्रवास करीत आहे, आणि आतल्या लोकांना आपण यानात आहोत याचाच विसर पडला आहे. त्यानंतर 1977 मध्ये मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' आला आणि ताऱ्यांमधल्या खेळांचा घाट ठरून गेला. हे सारे ऐकून घेतल्यावर मी भाच्याला म्हटले, की फासा हातात घेऊन ग्रहमंडळात भूमिका वठवण्याचा उद्योग आपल्याकडे 1530 नंतरच्या दहा वर्षांत होऊन गेला आहे.

त्या उद्योगाचा साक्षीदार खोंदमीर. हा हेरातचा इतिहासकार, मीरखोंद या विख्यात इतिहासकाराचा नातू. 1528 मध्ये तो बाबराकडे आला आणि बाबरानंतर हुमायूनपाशी राहिला. हुमायूनने त्याला 'अमीर-इ-अखबार' असा किताब दिला. त्याने लिहिलेला 'कानून-इ-हुमायूनी' हा छोटेखानी ग्रंथ लढायांचा नाही; बादशहाने कोणत्या नव्या गोष्टी शोधल्या, कोणत्या व्यवस्था लावल्या आणि कोणत्या इमारती बांधल्या, त्यांचा आहे. ग्रंथ अर्थातच स्तुतीने ओथंबलेला आहे. पुढे अबुल फजलनेही 'अकबरनाम्या'त यातल्या अनेक गोष्टींची नोंद केली.

या दोघांनी वर्णन केलेली एक वस्तू म्हणजे 'बिसात-इ-निशात', आनंदाचा गालिचा. बिसात हा शब्द बुद्धिबळाच्या पटालाही लावतात, म्हणून आनंदपट म्हटले तरी चालेल. हा गालिचा वर्तुळाकार होता आणि त्यावर एकात एक अशी वर्तुळे होती. सर्वांत बाहेरचे पांढरे. ते नक्षत्रांच्याही पलीकडच्या निर्मळ गोलाचे. त्याच्या आत निळे, मग शनीचे काळे, गुरूचे चंदनी, मंगळाचे लाल, सूर्याचे सोनेरी, शुक्राचे झळझळीत हिरवे, बुधाचे निळसर, चंद्राचे पुन्हा पांढरे. चंद्राच्या आत अग्नी आणि वायू, आणि त्यांच्याही आत पृथ्वी आणि पाणी. त्या काळच्या खगोलशास्त्राने विश्वाचा जो नकाशा काढला होता, तोच लोकरीत आणि रेशमात विणून जमिनीवर अंथरल्यासारखा. कोपर्निकसचा ग्रंथ 1543 मध्ये छापला गेला. तेव्हा पृथ्वी मध्यभागी आहे, याबद्दल या पटाच्या कर्त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने हे शास्त्र होते, आणि शास्त्रावर कल्पना चढवून त्याने खेळ केला होता. विज्ञानकथा म्हणजे तरी याहून वेगळे काय असते?

आता बसण्याची व्यवस्था पाहा. सोनेरी वर्तुळात स्वतः बादशहा. बाकीच्यांनी आपापल्या ग्रहाच्या वर्तुळात बसावयाचे. सय्यद आणि उलेमा गुरूच्या चंदनी वर्तुळात. विद्येचा आणि धर्माचा ग्रह गुरू, म्हणून. हिंदुस्थानी अमीर शनीच्या काळ्या वर्तुळात. आपल्या श्रोत्यांना येथे साडेसाती आठवेल आणि हा अपमानच होता असे वाटेल. पण इस्लामी ज्योतिषात हिंदुस्थान हा देशच शनीच्या अमलाखाली मानला जाई, आणि शनीचे वर्तुळ ग्रहांमध्ये सर्वांत वरचे. मात्र वरचे असले तरी ते सूर्यापासून दूरचे होते. त्या काळ्या पट्ट्यावर बसणाऱ्या अमिराला त्यातले नेमके काय जाणवले, हे खोंदमीर कशाला लिहील?

सारे स्थानापन्न झाले म्हणजे फासे पडत. हे फासे ठिपक्यांचे नव्हते. त्यांच्या बाजूंवर माणसांच्या आकृती रंगवलेल्या असत. कोणी उभा, कोणी बसलेला, कोणी आडवा झालेला. ज्याच्या हातून जी आकृती पडेल, ती त्याने आपल्या वर्तुळात करून दाखवावयाची. उभा पडला की उभे राहावयाचे. बसलेला पडला की बसावयाचे. आडवा पडला तर तेथेच लवंडावयाचे आणि झोपही काढावयाची! पांढऱ्या दाढीचे पंडित चंदनी वर्तुळात आडवे झाले आहेत आणि शनीवर कोणी सरदार दंडवत् उभा आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले म्हणजे या पटाला आनंदाचा पट का म्हटले ते कळते.

हा एक सुटा खेळ असता तर त्याला बादशाही लहर म्हणून सोडून देता आले असते. पण हुमायूनचा सारा कारभार याच पटावर चालावा, अशी त्याची इच्छा दिसते. त्याने आठवड्याचे वार वाटून दिले होते. शनिवार आणि गुरुवार विद्वानांचे व सत्पुरुषांचे, रविवार आणि मंगळवार राज्यकारभाराचे, सोमवार आणि बुधवार मौजेचे, शुक्रवार सर्वांचा. त्या त्या वाराच्या ग्रहाला शोभेल अशा रंगाचा पोशाख तो करी, रविवारी पिवळा. राज्याची खाती त्याने महाभूतांवर बसवली होती. तोफखाना आणि शस्त्रे अग्नीकडे. पोशाख, मुदपाकखाना आणि तबेले वायूकडे. सरबतखाना आणि कालवे पाण्याकडे. शेती आणि इमारती मातीकडे. बारा राशींचा एक तंबू होता, त्याच्या झरोक्यांतून ताऱ्यांचा प्रकाश आत येई. यमुनेत नावा जोडून तरंगता बाजार भरवला होता आणि तो दिल्लीहून आग्र्याकडे जाताना बरोबर चालला होता. 1533 मध्ये त्याने दिल्लीत 'दीनपनाह' नावाच्या नगराचा पाया घातला. आजचा पुराना किल्ला त्याच जागी आहे.

मी हे सर्व सांगितले तेव्हा मंडळींतला एकजण म्हणाला, "पण यात खेळणारा स्वतः काय ठरवतो?" प्रश्न मार्मिक होता. काहीच ठरवत नाही. वर्तुळ जन्माने किंवा हुद्द्याने मिळालेले, आणि आसन फाशाने ठरवलेले. आपल्या मोक्षपटातही हेच आहे. शिडी लागो की साप, सोंगटीचा धनी केवळ कवड्या फेकतो. हुमायूनचा मुलगा अकबर यानेही जमावासाठी खेळ काढला, त्याचे नाव 'चंडळ मंडळ'. सोळाजणांनी गोलाकार पटाभोवती बसावयाचे, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. पहिला घरी पोहोचेल त्याला उरलेल्या पंधरांनी पैसे द्यावयाचे, दुसऱ्याला चौदांनी, आणि असेच पुढे. येथे खेळाडूला डोके चालवता येते, पण भूमिका राहिली नाही. आकाश गेले आणि पैसा आला. मुलगा बापापेक्षा व्यवहारी होता, हे खेळावरूनही दिसते. अबुल फजल म्हणतो की बादशहा खेळाच्या मिषाने माणसे पारखीत असे. ते पटण्यासारखे आहे.

मग आम्ही ती नियमपुस्तके पुढे घेतली. 1982 मध्ये निघालेला 'स्टार फ्रंटियर्स' मला सालस वाटला. चार जातींचे जीव, सोपे शेकड्याचे फासे, नवख्यांनी हात धरून शिकावे असा. पण या मंडळींची शिकण्याची पायरी केव्हाच मागे पडली होती. खरा झगडा 'ट्रॅव्हलर' आणि 'पॅरानोइया' या दोघांत होता.

'पॅरानोइया' 1984 चा. भविष्यकाळात माणसे जमिनीखालच्या एका शहरात कोंडलेली आहेत आणि त्यांच्यावर एका संगणकाचे राज्य आहे. संगणकाला सर्वत्र देशद्रोही दिसतात. खेळाडूंनी हे देशद्रोही शोधून मारावयाचे. गंमत अशी की प्रत्येक खेळाडू स्वतःच कायद्याने देशद्रोही असतो आणि ते इतरांपासून लपवून ठेवतो. प्रत्येकाला सहा देह मिळतात, कारण मरणे हा तेथे नित्यक्रम आहे. पुस्तक चाळताना मी एका पानावर थबकलो. या शहरात माणसाचा दर्जा रंगाने ठरतो. सर्वांत खालचे काळे, मग तांबडे, नारिंगी, पिवळे, हिरवे, निळे, पारवे, जांभळे, आणि सर्वांत वरचे शुभ्र. तांबड्याने पिवळ्या दालनात पाऊल टाकले तर देहदंड. वरच्या रंगाचे नियम ठाऊक असणे हाही गुन्हा. साडेचारशे वर्षांनंतर, समुद्रापलीकडे, हुमायूनच्या नावाशीही ज्यांचा संबंध नसावा अशा माणसांनी तोच गालिचा पुन्हा अंथरला होता! फरक इतकाच, की एकाने तो मनापासून अंथरला आणि दुसऱ्यांनी त्याची टर उडवण्यासाठी. संगणकाचा आवाज पंच काढतो. म्हणजे सोनेरी वर्तुळात बसलेला आणि निवाडा करणारा येथेही एकच.

'ट्रॅव्हलर'चा स्वभाव याच्या उलट आहे. त्यात सूर्याच्या जागी कोणी बसलेले नाही. राज्य आहे, पण ते फार दूर आहे. प्रकाशाहून वेगाने जाणारा निरोप त्या विश्वात नाही. एका उडीला सुमारे आठवडा लागतो आणि बातमी यानाबरोबरच प्रवास करते. हुमायून बंगालात गौड येथे महिनोन्महिने रमला असताना त्याचा भाऊ हिंदाल याने आग्र्यात स्वतःच्या नावाने खुतबा वाचवला, आणि ती खबर हरकाऱ्यांच्या पायांनी पोहोचेपर्यंत डाव हातचा गेला होता. 'ट्रॅव्हलर'मधली जगे याच वेगाने एकमेकांना ओळखतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तेथे परके वाटत नाही.

शिवाय तेथे माणूस कोरा जन्मत नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी त्याचे पूर्वायुष्य फाशांनी घडवावे लागते. अठराव्या वर्षी तो आरमारात, पायदळात, व्यापारी जहाजावर किंवा टेहळणीच्या सेवेत शिरतो. चार-चार वर्षांच्या मुदती. दर मुदतीला तो जगला की नाही याचा फासा, बढतीचा फासा. मात्र आणखी एक मुदत पत्करावी की बाहेर पडावे, हे बहुधा खेळाडूच ठरवतो, आणि तेथेच या खेळाने हुमायूनच्या पटाला मागे टाकले आहे. लोभ धरून राहावे तर कसब वाढते, पण वयही वाढते. आणि 1977 च्या मूळ नियमांत जगण्याचा फासा चुकला तर माणूस खेळ सुरू होण्याआधीच मरतो. जो वाचतो तो चाळिशीकडे झुकलेला, थोडे निवृत्तिवेतन बाळगणारा आणि नशीब बरे असेल तर जहाजाचा मालक होऊन बाहेर पडतो. जहाजही बहुतेक कर्जाचे. हप्ते चारशे ऐंशी महिन्यांचे, म्हणजे चाळीस वर्षांचे! हे वाचून दाखवताच सहापैकी चौघे एकदम हसले. नोएडात सदनिका घेतलेल्या माणसाला ताऱ्यांमध्ये जाऊनही हप्ता चुकत नाही, ही कल्पना त्यांना भलतीच जवळची वाटली.

एका मित्राचा मात्र 'पॅरानोइया'साठी आग्रह होता. तो म्हणाला, खेळावयाचे ते हसण्यासाठी. दिवसभर कचेरीत वरच्या रंगाच्या दालनाबाहेर उभे राहतोच, रात्री त्याची टिंगल तरी करू. हा मुद्दा हलका नव्हता. मी त्याला हुमायूनची आणखी एक गोष्ट सांगितली.

1539 च्या जूनमध्ये चौसा येथे शेरखानाने हुमायूनच्या छावणीवर अवचित झडप घातली. फौज उधळली. बादशहा गंगेत पडला आणि बुडू लागला. निजाम नावाच्या एका भिस्त्याने आपली पखाल फुगवून त्याला तिच्या आधाराने पार नेले. हुमायूनने त्याला सिंहासनावर बसवण्याचे वचन दिले, आणि आग्र्याला पोहोचल्यावर ते खरोखर पाळले. किती वेळ, याबद्दल साक्षी जुळत नाहीत. हुमायूनची बहीण गुलबदन दोन दिवस सांगते, तर अबुल फजल अर्धाच दिवस. गुलबदनच्या सांगण्याप्रमाणे सर्व अमिरांना भिस्त्याला मुजरा करण्याचा हुकूम झाला आणि त्याने हवी तशी बक्षिसे व मनसबा वाटल्या. भाऊ कामरान दरबारात आला नाही. शेरखान उंबरठ्याशी आला असताना हा काय प्रकार, भिस्त्याला दुसरे काही इनाम देता आले नसते काय, असा त्याचा निरोप होता.

राजकारणाच्या हिशेबाने कामरानचेच बरोबर होते. पुढच्याच वर्षी, 1540 च्या मे महिन्यात, कनौजला उरलेसुरले राज्य गेले आणि पंधरा वर्षांची भटकंती सुरू झाली. दीनपनाहच्या जागेवर शेरशहाने आपला किल्ला उभारला. तरीही मला वाटते, आयुष्यभर सोनेरी वर्तुळात बसलेला तो माणूस एकदाच खऱ्या अर्थाने खेळला. तो स्वतः उठला आणि ज्याला कोणत्याच वर्तुळात जागा नव्हती त्याला त्याने तेथे बसवले. फासा कोणी टाकला नव्हता. ठरवले होते त्याने स्वतः.

गोष्ट संपल्यावर तो मित्र जरा वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "ट्रॅव्हलरमध्ये पंच दर शनिवारी बदलला तर चालेल काय?" पुस्तकात त्याला कोठेही मनाई नव्हती. जगे इतकी विखुरलेली, की एकेकाने एकेक तारा सांभाळावा आणि जहाज तेथे उतरले म्हणजे त्याने पंचाच्या खुर्चीत बसावे. 'पॅरानोइया'त हे जमले नसते. संगणकच बदलत राहिला तर भीती कोणाची बाळगावी? एवढ्यावर मते जुळली. पाचजण 'ट्रॅव्हलर'कडे, आणि सहावा दिवाळीच्या सुटीत एक रात्र 'पॅरानोइया'ची या अटीवर.

निरोप घेण्यापूर्वी त्यांनी माझ्याही हातात दोन फासे दिले. मी टेहळणीची सेवा मागितली, कारण हेरातहून आग्र्याला आलेला खोंदमीर मनात होता. पहिली मुदत पार पडली, दुसरीही पडली. तिसरीच्या वेळी भाच्याने विचारले, "मामा, आता बाहेर पडता का? आकडे बरे आहेत." मी म्हटले, आणखी चार वर्षे राहू. फासे मेजावरून घरंगळले. भाच्याने वाकून पाहिले आणि कागदावरच्या नावावर शांतपणे काट मारून माझ्यापुढे दुसरा कोरा कागद ठेवला.